कारभारीची चौथी ओळ

आमच्या टेंभुर्णीच्या बसथांब्यावर ग्रामपंचायतीचा एक फळा होता. वर पिवळ्या रंगात 'वार्ताफलक' लिहिलेलं आणि खाली काहीच नाही. फळा सरकारी योजनेतून आला होता, पण त्यावर लिहायचं कोणी, हे योजनेत नव्हतं. बकऱ्या त्याच्या खांबाला पाठ खाजवायच्या. शेवटी सरपंचांनी आमच्या ह्यांना गाठलं. ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्या गळ्यात गावातली सगळी फुकटची कामं पडतात.

हे म्हणजे तातेराव, गावच्या शाळेत गुरुजी. मी बेबीनंदा, त्यांची बायको, माहेर मंठ्याचं, शिक्षण सातवी पास. ही गोष्ट त्या फळ्याची आहे. आणि मला एकदा तरी त्या फळ्यावर यायचं होतं, त्याची आहे.

साल त्र्याऐंशी असेल. सुरुवातीला हे पेपरातल्या बातम्या उतरवून काढायचे. पण पेपर यायचा दुपारच्या गाडीनं, आणि तोवर रेडिओवर सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असायचं. फळ्यासमोर थांबायचा तो फक्त गाडी चुकलेला माणूस. ह्यांना त्याचं फार वाईट वाटायचं. अक्षर मोत्यासारखं आणि वाचायला बकऱ्या, असं माणसाचं झालं की त्याला जेवण गोड लागत नाही.

मग एकदा हे जाफराबादच्या वाचनालयातून एक जुना दिवाळी अंक घेऊन आले आणि मला तव्यासमोरून उठवून वाचून दाखवायला लागले. त्यात जपानची माहिती होती. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा मुलूख, म्हणून आमच्या घरात त्याचं आधीपासूनच कौतुक. तिकडं म्हणे माणूस प्रवासाला निघाला की काय दिसलं, काय झालं ते दोन-चार साध्या वाक्यांत लिहितो आणि त्याखाली तीन ओळींची कविता ठेवतो. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. त्या कवितेला हायकू म्हणतात, आणि वरचं गद्य अन् खालचा हायकू मिळून जे होतं त्याला हायबुन.

"मंग बाकीचं कुठं लिहितो तो?" मी विचारलं.

"बाकीचं लिहीतच न्हाई. तेच तर हाय त्याच्यात."

मला वाटलं, तिकडं कागद महाग असेल. पण ह्यांच्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं. फळा लहान, लोकांना वेळ कमी, आणि गाव म्हणजे तरी काय, रोजचा प्रवासच. पेपर बंद, आता गावाची बातमी. तीसुद्धा एवढीशी.

पण गावाची बातमी ह्यांना कुठून कळणार? शाळा सुटली की हे मान खाली घालून घरी यायचे. रस्त्यानं हत्ती गेला असता तरी ह्यांना दिसला नसता. बातमी माझ्याकडं असायची. हापशावर, गिरणीत, खुरपायला गेलेल्या बायांत, मी जिथं जाईन तिथून काही ना काही पदरात बांधून आणायची. संध्याकाळी हे उंबऱ्यावर बसायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून ओरडायच्या, "उंबऱ्यावर बसू नये, किती डाव सांगू?" हे तिथंच बसायचे. मी चहाचा कप हातात द्यायची आणि म्हणायची, "ऐकलं का?"

की झालं सुरू. कोणाची सून रुसून गेली, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा बैल कोणाच्या शेतात गेला. हे कप हातात धरून नुसते ऐकायचे. चहावर साय धरायची. "चहा निवून राह्यला," असं मीच म्हणायची आणि मीच पुढं बोलत राहायची. ते गार पाणी शेवटी एका घोटात पिऊन हे उठायचे. सकाळी शाळेआधी ओल्या फडक्यानं कालचं पुसायचे आणि आजचं लिहायचे. पुसलेलं कुठंही उतरवून ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणायचे, "भाकरी कोणी जपून ठिवतं का? दुसऱ्या दिवशी नवी थापायची."

फळ्याचा काळा रंगही माझाच. जुन्या सेलमधली काळी भुकटी वालाच्या पाल्यात वाटून मी तो लेप करायची. माझी बोटं तेव्हा कायम काळी. हळदीकुंकवाला हात पुढं करताना लाज वाटायची, पण आतून थोडा तोराही असायचा.

पहिलं हायबुन मला आजही पाठ आहे. वर लिहिलं होतं, 'काल जालन्याची शेवटची गाडी आली नाही. बाजाराला आलेली माणसं थांब्यावरच राहिली.' आणि खाली,

थांब्यावरती
गाठोड्याला टेकून
झोपले गाव

दुपारी मी मुद्दाम चक्कर मारली. फळ्यासमोर चार माणसं उभी होती, आणि तिसऱ्या ओळीखाली जाड, वाकड्या अक्षरात चौथी ओळ होती. 'उठा मंडळी, चहा तयार आहे.'

थांब्यासमोरच कारभारीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि धुरकट किटली. कारभारी भजनात पखवाज वाजवायचा आणि गावातल्या कुठल्याही कामात न बोलावता हात घालायचा. हे संध्याकाळी त्याच्याकडं गेले. ह्यांना चिडलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"कारभारी, हे काय हाय?"

"गुरुजी, तुमी पुरं करायचं इसरले. म्या केलं."

"ते पुरंच हाय. तीनच ओळी असतात त्याला."

"तीन?" कारभारीनं ह्यांच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "अभंगाला चार चरण असत्यात. तीन पायाची बाज कुठं उभी ऱ्हाती का? पडंल न माणूस. म्या टेकू दिला."

ह्यांनी चौथी ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी कारभारीनं पुन्हा लिहिली. हे पुसायचे, तो लिहायचा. महिनाभर हे चाललं. मग ह्यांच्या लक्षात आलं की लोक आता दोन वेळा फळा वाचायला येतात, एकदा गुरुजींचं वाचायला आणि एकदा कारभारीनं काय केलं ते बघायला. त्यानंतर हे फळ्याच्या बुडाशी चार बोटं जागा मोकळी सोडायला लागले. तह झाला. पण तोंडानं कबूल कोणीच केलं नाही.

कारभारीची ओळ कधीच धड नसायची. मात्र तिचा उपयोग व्हायचा. कचरूची म्हैस विहिरीत पडली तेव्हाचीच गोष्ट घ्या. ह्यांनी लिहिलं, 'काल कचरूची म्हैस विहिरीत पडली. पंधरा जणांनी दोर लावून काढली. संध्याकाळी तिनं दूध नेहमीएवढंच दिलं.'

म्हैस बाहेर
विहिरीत अजून
हले आभाळ

आणि कारभारीनं खाली ठोकून दिलं, 'म्हणून विहिरीला कठडा बांधा.' पोळ्याच्या आत कठडा झाला. आभाळ हललेलं कोणाला दिसलं आणि कोणाला नाही, देव जाणे, पण कठडा सगळ्यांना दिसला.

गिरिजाबाई गेल्या तेव्हा मात्र फळ्यासमोर बाया पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्या गावच्या सुईण. वर एवढंच होतं, 'गिरिजाबाई गेल्या. या गावातली निम्मी माणसं आधी त्यांच्या हातात आली, मग आईच्या.'

दोन्ही ते हात
पहिल्यांदा रिकामे
निजले शांत

कारभारीनं खाली 'रामकृष्णहरी' लिहिलं. त्या दिवशी ह्यांनाही ते खटकलं नाही.

मग काय, ज्याला त्याला फळ्यावर यायचं होतं. शेजारच्या उषाबाई नातवाचं जावळ काढलं म्हणून वाटी भरून लापशी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गुरुजींच्या कानावर घाल ना तेवढं." नातू फळ्यावर आला. कचरूची म्हैस तीनदा आली. थांब्यावरचं लंगडं कुत्रं आलं, शाळेची फुटकी घंटा आली, कारभारीची किटली आली. ह्या सगळ्यांना फळ्यावर पोचवणारी मी. आणि मी स्वतः कुठं? कुठंच नाही.

एकदा मी विचारलंच. "माझ्यावर कधी लिहायचं?"

हे चहा घेत होते. म्हणाले, "तुझ्यावर काय लिहू? तू काय बातमी हाय का?"

त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पण मला लागलं ते लागलंच. मी बातमी नाही. मी बातमी आणणारी.

आणि दुसरंही एक होतं. ह्यांनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. घरात 'अगं', बाहेर 'आमच्या घरी'. रेशन दुकानात कार्ड पुढं करायचे आणि माझ्या नावावर नुसतं बोट ठेवायचे. मी मात्र दर लग्नात, दर बारशाला ह्यांचं नाव घ्यायची. 'पाटीवर अक्षर, शेतात पीक, तातेरावांचं नाव घेते, सखे तू ऐक.' बाया हसायच्या, ह्यांचे कान लाल व्हायचे. बाप्यांना उखाणा नसतो, त्यामुळं त्यांचं फावतं. आणि आत्याबाईंच्या समोर तर नवऱ्यानं बायकोचं नाव घेणं म्हणजे आभाळ कोसळण्यासारखं. त्यांच्या वेळी नवरा-बायको दिवसाउजेडी एकमेकांशी बोलतही नसत, हे त्या आम्हाला दिवसाउजेडीच मोठ्यानं सांगायच्या.

एकोणनव्वद साली माझं दुखणं बळावलं. अंगावरून जायचं थांबेना. पिशवी काढायला लागेल, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझा भाऊ रामकिसन मंठ्याहून आला आणि मला जालन्याला घेऊन गेला. ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. शाळेत तेव्हा परीक्षा होत्या, म्हणून हे बुधवारी पेपर आटोपून संध्याकाळी यायचे होते. पण मंगळवारी रात्रीच माझी तब्येत बिघडली आणि डॉक्टरांनी बुधवारी सकाळीच टेबलावर घेतलं. गावात फोन नव्हता, निरोप धाडायला वेळ नव्हता.

आत नेताना मी रामकिसनला म्हटलं, "भाऊ, आत्ता हे काय करत असतील रे?" नंतर तो म्हणाला, डॉक्टर बाहेर येईपर्यंत आपण देवाला काय काय बोललो ते आठवत नाही.

संध्याकाळी डोळे उघडले तर हे समोर उभे होते. हातात भाकरीचं फडकं तसंच. चेहरा राखेसारखा. माझ्या घशाला कोरड पडलेली, तरी मी विचारलं, "आज सकाळी काय करून राह्यले होते?"

हे खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "फळा लिहिला."

मी तोंड भिंतीकडं केलं. ह्यांना माहीत नव्हतं, हे मला कळत होतं. पण बायको दवाखान्यात पडली असताना माणसाला कुत्र्या-मांजरांवर लिहायला सुचतं कसं? ते मला काही केल्या पटेना. काही दिवसांनी जीपमधून गावात परत आले तेव्हा आधी फळ्याकडं पाहिलं. त्यावर कचरूच्या म्हशीला रेडकू झाल्याचं होतं. बास. माझी खात्री पटली. मी मरणाच्या दारात आणि हे म्हशीच्या दारात.

ते मी विसरले नाही. पुढं वर्षानुवर्षं जरा काही झालं की माझं ठरलेलं, "जा, म्हशीवर लिहा." भाजीत मीठ कमी म्हणाले, "म्हशीला सांगा." दसऱ्याला साडी आणायला विसरले, "म्हशीला घेतली असंल." लोकांना सवत असते ती दोन पायांची, माझी चार पायांची होती. हे कधी उलटून बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "अगं, त्या दिवशी म्हैस नव्हती," आणि आत्याबाई माजघरातून खाकरल्या तसे गप्प झाले. मला वाटलं, मग कुत्रं असेल.

आत्याबाई पंच्याण्णवला गेल्या. घराघरांत टीव्ही आला. पेपर सकाळीच यायला लागले. फळ्यासमोरची गर्दी ओसरली, तरी हे लिहीत राहिले. रिटायर झाल्यावरही काठी टेकत जायचे. कारभारीही थकला होता. त्याचा मुलगा धर्मराज हॉटेल बघायचा आणि कारभारी बाकड्यावर बसून असायचा. पण कपभर चहा झाला की उठून चौथी ओळ लिहायचाच. शेवटी शेवटी त्याला फळ्याच्या बुडापर्यंत वाकता येईना, म्हणून हे जागा वर सोडायला लागले. ह्यांची कविता फळ्याच्या कपाळावर आणि कारभारीची पोटावर, असं दिसायचं ते.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आमदार निधीतून थांब्यावर पक्कं शेड मंजूर झालं. जागा फळ्याची. ग्रामपंचायतीनं निरोप पाठवला की फळा सोमवारी काढणार. ह्यांनी शनिवारी शेवटचं लिहिलं, रविवारी पुसलं, आणि सोमवारी घराबाहेर पडायला तयार होईनात.

"चला की," मी म्हटलं.

"काय बघायचं त्याच्यात? पुसायचं तेवढं पुसलं."

"मी जाऊन येते."

"जा," म्हणाले. "येऊन सांग."

मी गेले तेव्हा दोन माणसं खांब खणत होती. पाच-पंचवीस जण जमले होते. कारभारी बाकड्यावरूनच म्हणाला, "या वैनी, बसा. धर्मराज, चहा दे." मी उषाबाईंच्या शेजारी बसले. खांब हलला, फळा कलला, आणि कोणाला काय वाटलं कोण जाणे, कचरू एकदम बोलायला लागला. "काल कचरूची म्हैस विहिरीत पडली. पन्नास जणांनी दोर लावून काढली..." पंधराचे पन्नास झाले होते, आणि दुधाची गोष्ट तो साफ विसरला होता. पण खालच्या तीन ओळी त्यानं जशाच्या तशा म्हटल्या, हले आभाळपर्यंत.

मग प्रत्येकाला आपापलं आठवायला लागलं. उषाबाईंनी नातवाचं म्हटलं. गद्यात त्यांनी स्वतःला घुसवलं होतं, ह्यांनी ते बिलकुल लिहिलं नव्हतं, पण तीन ओळी बराबर. कोणी गिरिजाबाईंचं म्हटलं. मला नवल वाटत होतं. वरचं गद्य ज्याच्या त्याच्या तोंडात फिरून गुळगुळीत झालेलं, आणि खालचा हायकू मात्र कोणी हात न लावल्यासारखा. मी ऐकत होते आणि माझ्या आत जुनं दुखणं वर यायला लागलं. सगळ्यांकडं आपापलं काही तरी होतं. म्हशीकडंसुद्धा.

शेवटी माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सगळे आले फळ्यावर. कुत्रं आलं, किटली आली. एक माझ्यावर तेवढं तुमच्या गुरुजींना लिहावं वाटलं न्हाई."

खणणाऱ्यानं पहार थांबवली.

कारभारी म्हणाला, "वैनी, मस्करी करून राह्यल्या का?"

"मस्करी कशाची? कधी लिहिलं?"

"तुमचं आप्रेशन झालं त्या दिवशी," कारभारी म्हणाला. "बुधवार होता. बाजाराचा दिवस, सारं गाव थांब्यावर. सगळ्यांनी वाचलं."

मी उषाबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. "मोठ्या अक्षरात, बाई. पहिलाच शब्द बेबीनंदा."

"बेबीनंदा जालन्याला दवाखान्यात आहे," कचरू म्हणाला. "सांगणारी तिकडं गेली, म्हणून आज गावाची बातमी नाही."

"तसं नव्हतं रे," उषाबाई म्हणाल्या. "बेबीनंदा आजारी आहे. आज गावात काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही. असं होतं."

"दोन्ही न्हाई," तिसरं कोणी म्हणालं. "बेबीनंदा येईपर्यंत गावात काही घडू नये, असं होतं."

त्यांचं भांडण लागलं. मी मध्येच म्हटलं, "खाली काय होतं?"

तेव्हा कोणी भांडलं नाही. कचरू, उषाबाई, कारभारी, तिघांनी एकदमच म्हटलं, शाळेतल्या पोरांसारखं.

उंबऱ्यावर
चहा निवत बसे
ऐकण्यासाठी

मला रडू आलं. चारचौघांत, थांब्यावर, कारभारीच्या बाकड्यावर बसून मी रडले. चौदा वर्षं मी म्हशीच्या नावानं ज्या माणसाला बोलत होते, त्यानं माझं नाव अख्ख्या बाजारासमोर लिहिलं होतं. घरात कधी तोंडातून न काढलेलं नाव, पुरतं, चारही अक्षरं.

"मला का न्हाई सांगितलं कोणी?" मी म्हटलं.

"तुला बघायला आम्ही यायचो तेव्हा तुझ्या सासूबाई, सोनूआत्या, उशाशी बसलेल्या असायच्या," उषाबाई म्हणाल्या. "पोरानं चौकात बायकोचं नाव लिहिलं, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर तुझे टाके उसवले असते. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून तर सगळं गाव गप बसलं. आन् आमाला वाटलं, गुरुजींनी तुला सांगितलंच असंल. नवरा-बायकोतली गोष्ट, आपण कशाला इचारा."

अख्ख्या गावानं एका सासूपायी तोंड मिटून घेतलं होतं. आमच्या गावात गुपित राहतच नाही म्हणतात. राहिलं ते एवढं एकच, आणि ते माझ्यापासून.

डोळे पुसून मी कारभारीला विचारलं, "अन् तुमी काय लिहिलं खाली? चहा तयार आहे, हेच ना?"

कारभारी कपातल्या चहाकडं बघत बसला. मग म्हणाला, "न्हाई वैनी. गेल्तो खडू घिऊन. गुरुजींनी जागा ठिवली होती, चार बोटं, बराबर. लई येळ उभा होतो. पण तिथं माझं काय काम? ती वळ तुमची होती. तुमी आल्यावर म्हणायची. म्हणून तशीच सोडली."

एवढ्या वर्षांत कारभारीनं कोरी सोडलेली ती एकच जागा.

फळा आडवा झाला. दोघांनी उचलून तो ग्रामपंचायतीमागच्या खोलीत नेला. माझ्या लेपाचे पोपडे वाटेत पडत गेले. चहा पिऊन मी निघाले. आयुष्यभर जो रस्ता मी बातमी घेऊन चालत आले, त्याच रस्त्यानं. मी मनात भांडण जुळवत होते. का नाही सांगितलं? आत्याबाई गेल्यावर तरी? मी म्हैस म्हैस करत होते तेव्हा तोंडात काय गूळ धरला होता?

घरी आले तर हे उंबऱ्यावर बसलेले. चहा स्वतःच करून घेतला होता. एक कप हातात आणि एक बशीनं झाकून शेजारी ठेवलेला.

"काढला?" ह्यांनी विचारलं.

"काढला."

"हं."

मी पदरानं तोंड पुसलं. म्हटलं, "माझं नाव घालून वर काय लिहिलं होतं? कचरू एक म्हणतो, उषाबाई दुसरंच."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. सत्तरीला टेकलेल्या माणसाचे कान लाल झाले. मग म्हणाले, "ज्याच्या जे लक्षात राह्यलं, ते बराबर."

"अन् मला का न्हाई सांगितलं?"

"आईचं होतं आधी. मंग..." हे थांबले. "मंग तू म्हशीवरून भांडायला लागली. मला वाटलं, आता सांगितलं तर आपण जिंकायला सांगून राह्यलो असं होईल."

मनात जुळवलेलं भांडण तिथंच विरलं. मी बशी बाजूला केली, कप घेतला आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावरच बसले. आता आतून ओरडणारं कोणी नव्हतं.

"ऐकलं का?" मी म्हटलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. मी पहिल्यापासून सुरुवात केली. खांब कसा खणला, कचरूनं पंधराचे पन्नास कसे केले, उषाबाई जावळात कशा घुसल्या, कारभारी खडू घेऊन किती वेळ उभा राहिला. ऊन भिंतीवरून उतरून अंगणात गेलं तरी माझं संपलं नव्हतं. दोघांचाही चहा निवून गेला.